शजऱ्याचा दिमाख

आमच्या हिंगोलीत तोफखाना आहे, रिसाला आहे, पलटण आहे, पेन्शनपुरा आहे. तोफ नाही, घोडा नाही, पेन्शनही नाही. मोहल्ल्यांची नावे तेवढी उरली. इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. या फौजेच्या खर्चापायी 1853 मध्ये वऱ्हाड निजामाच्या हातून गेला आणि 1903 मध्ये ती फौजच हिंदी लष्करात विलीन झाली.

फौज गेली, शजरे राहिले. आमच्यात सोयरीक निघाली की पहिला सवाल, 'खानदान कोणते?' कोणी पठाण, कोणी अरब, कोणी बलुच. बागवानाची, पिंजाऱ्याची लेक सून करून घ्यायची वेळ आली की हाच शजरा आडवा येतो. नमाजला एका सफीत आणि निकाहाला वेगळ्या, हा कुठला इस्लाम?

बलुच म्हणवणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, बलुचीचा एक शब्द तरी येतो का? कलात संस्थान मार्च 1948 मध्ये पाकिस्तानात गेले. कलमा एकच होता. तरी तिथला बलुच आपली भाषा, आपली जमीन, आपला वाटा मागत राहिला, आजही मागतो आहे. धर्म एक असला म्हणून मायबोली सुटत नाही, हे त्याला कळले. आणि आम्ही? घरात दखनी, बाजारात, शेतात, कोर्टात मराठी. तरी मराठी 'त्यांची' म्हणतो.

हा दिमाख फुकटचा नाही. सप्टेंबर 1948च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानातले अरब आणि पठाण 'परदेशी' ठरले. अनेकांना अटकेत टाकले, कित्येकांना देशाबाहेर धाडले. आजही आम्हाला 'बाहेरचे' म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावा कोण देतो? आम्हीच.

खरे तर आमच्यातले बहुतेक याच मातीतले. विणणारे, पिंजणारे, भाजी विकणारे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली ती याच माणसांसाठी. पण दाखला काढताना बापजाद्यांचा धंदा सांगायची आम्हाला लाज वाटते. त्या लाजेची किंमत पोरे भरतात. फी माफ होत नाही, जागा हुकते.

शजरा पेटीत राहू द्या. पोराच्या हाती दाखला द्या, आणि मराठी पुस्तक.