पहिली संध्याकाळ कुणाची?

मैत्रिणींनो, सहलीला गेल्यावर पहिल्या संध्याकाळी तुम्ही काय करता, जरा आठवून पाहा बरं. लॉजवर पोचलं की घरातली पुरुषमंडळी हातपाय धुतात आणि "जरा चक्कर मारून येतो" म्हणत बाहेर पडतात. आणि आपण? आपण बॅगा उघडतो, टॉवेल वाळत घालतो, गरम पाणी किती वाजता येतं ते विचारतो, पोरांना भरवतो, डब्यातल्या दशम्या उद्यापर्यंत टिकतील का ते बघतो. गाव तेवढं बदललं, काम तेच! नव्या शहराशी आपली पहिली ओळख होते ती खोलीच्या खिडकीतून.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही पहिली संध्याकाळ बाईनं सोडू नये. दुसऱ्या दिवसापासून सगळं ठरलेलंच असतं, आणि ठरवलेलाही दुसऱ्याच कुणीतरी असतो. आमच्या वाशिमकडून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला जाणाऱ्यांचंच घ्या. एक दिवस वेरूळ आणि घृष्णेश्वर, एक दिवस अजिंठा, जमलं तर पैठणीचं दुकान. अजिंठा तर आपण बघायलाच हवा. पाचव्या शतकात आपलं वाशिम वत्सगुल्म म्हणून वाकाटकांची राजधानी होतं आणि इथल्या हरिषेण राजाच्या प्रधानानं, वराहदेवानं, अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. पण शहराचं काय? शहर फक्त झोपायला!

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि बायका-बायकांनी मिळून निघणं बरंच सोपं झालं. आम्ही बचत गटातल्या सातजणी अशाच निघालो. मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत दुपार कलल्यावर पोचलो. खोली मिळाली, चहा झाला. "आता दिवस बुडन, काहून जाता?" एकीनं विचारलंच. पण आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी चपला घातल्या, मग कुणाची बिशाद! रिक्षावाल्याला सांगितलं, पाणचक्कीला चला.

कालव्यांचं शहर म्हटलं की आपल्याला सिनेमातलं व्हेनिस आठवतं, दारापुढे पाणी आणि पाण्यात होड्या. या शहराचे कालवे मात्र जमिनीखाली आहेत. तिथं त्यांना नहर म्हणतात. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, लहान वयात गुलाम म्हणून विकला गेलेला. तोच पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. 1610 साली त्यानं खडकी गावाचं शहर वसवायला घेतलं. शहर वसवायचं तर आधी पाणी हवं. मग डोंगराच्या पायथ्याचं, जमिनीत मुरलेलं पाणी त्यानं गोळा केलं आणि भुयारातून, मातीच्या नळांतून, नुसत्या उतारावर ते शहरात आणलं. पाण्याचा दाब सांभाळायला मध्येमध्ये बंबे, म्हणजे उंच मनोरे बांधले. ना मोटर, ना वीज. पुढे शहरात अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहरही त्यानंतरच्या काळातली. तिचं पाणी कित्येक किलोमीटर जमिनीखालून येतं, उंच भिंतीवरून हौदात पडतं, आणि त्याच्याच जोरावर बाजूच्या खोलीतलं दगडी जातं फिरतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी तिथं दळण दळलं जाई.

हे सगळं पुस्तकातही वाचायला मिळतं. पण काकू त्या जात्यापुढे उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "माय वं! इथं तं पाणीच दयन दयते!" लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं त्यांनी पहाटे उठून जातं ओढलेलं. दळणापायी बाईचं किती आयुष्य गेलं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाकीचे पर्यटक फोटो काढून दोन मिनिटांत पुढे गेले. काकू मात्र बराच वेळ हलल्याच नाहीत.

बाहेर फुटाणे विकणाऱ्या बाईशी बोलणं झालं. विषय अर्थातच पाणी! जायकवाडीचं धरण एवढं जवळ, तरी या शहरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं चार-चार, आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिली आहे. हांडे, टाक्या, टँकर. आम्हा वाशिमकरणींना त्यात काय नवल? शेजारच्या महमूद दरवाजापर्यंत चालत गेलो, कमानीखाली उभं राहून वर पाहिलं आणि आठच्या आत खोलीवर परत. एवढीच ती संध्याकाळ.

आता कुणी म्हणेल, बाईनं परक्या गावात संध्याकाळी फिरावं का? भीती खोटी नाही. म्हणूनच दोघी-तिघींनी निघावं, लॉजचं नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून घ्यावा, रिक्षाचं भाडं आधी विचारावं, अंधार दाटायच्या आत परतीचा रस्ता पाहून ठेवावा. आणि खरी अडचण वेगळीच असते, ती आपण मोठ्यानं बोलत नाही. बाई बाहेर पडताना पाणी कमी पिते, कारण स्वच्छ संडास कुठं मिळेल याचा भरवसा नसतो. पर्यटनाच्या जाहिरातींवर खर्च करणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी बायकांसाठी चांगलं स्वच्छतागृह आणि रस्त्यावर दिवे एवढं केलं, तरी निम्म्या बायका खोलीबाहेर पडतील.

"एका संध्याकाळीनं काय होतं?" असंही विचारतील. सांगते. आपल्या भागातल्या किती मुली बारावीनंतर शिकायला या शहरात जाऊ पाहतात! घरात विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "नको, ते शहर काही बरं नाही." त्यावर आई गप्प बसते. गप्प बसते, कारण तिनं ते शहर पाहिलेलंच नसतं, त्याचं बरंवाईट तिला दुसऱ्यांकडूनच कळलेलं असतं. पण जी बाई तिथं स्वतःच्या पायांनी फिरली, रिक्षावाल्याशी भाव केला, रस्ता विचारला, चार बायकांशी बोलली, ती म्हणू शकते, "मी पाहिलंय ते गाव. स्टँड कुठं आहे, कुठल्या रस्त्याला किती वाजेपर्यंत वर्दळ असते, मला ठाऊक आहे. पोरीला जाऊ द्या."

म्हणून पुढच्या सहलीला बॅगा तशाच राहू द्या. त्या रात्री उघडल्या तरी चालतात. लेकीला हाक मारा, चपला घाला आणि निघा. रस्ता मात्र तिलाच विचारू द्या.