सीडीत वेळ हरवत नाही

सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात, म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे 22.7 मायक्रोसेकंदांचे अंतर. दोन कानांवर आवाज पोहोचण्यातला 10 मायक्रोसेकंदांचा फरकही सरावलेल्या माणसाला जाणवतो. तेव्हा तबल्याच्या आघाताची नेमकी वेळ सीडीवर उतरूच शकत नाही, असे हिरिरीने सांगितले जाते. दोन्ही आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

या युक्तिवादाने नमुन्यांमधली जागा रिकामी धरली आहे. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांतानुसार, 22,050 हर्ट्झच्या आत राखलेला ध्वनी या नमुन्यांवरून सलग उभा करता येतो. आघात दोन नमुन्यांच्या मध्ये पडला, तर आजूबाजूच्या नमुन्यांच्या किमती बदलतात. त्या किमतींतच त्याची वेळ नोंदली जाते.

हिशेबच मांडू. 1,000 हर्ट्झचा पूर्ण पातळीचा शुद्ध स्वर 5 मायक्रोसेकंदांनी सरकवा. सीडीच्या 16 बिटांत 65,536 पायऱ्या असतात. स्वराची लहर शून्य ओलांडते तिथला नमुना एवढ्याशा सरकण्याने हजारभर पायऱ्या हलतो. म्हणजे एक पायरी सुमारे 5 नॅनोसेकंदांची!

हळू स्वरांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. स्वर 60 डेसिबलने खाली आला की तोच फरक जेमतेम एका पायरीचा उरतो. म्हणूनच 16 बिटांवर आणताना डिदर, म्हणजे अत्यंत क्षीण गोंगाट, मुद्दाम मिसळतात. त्यामुळे पायरीहून बारीक फरकही सरासरीत टिकतो. डिदर टाळणे ही कारागिराची चूक आहे. तिचे खापर सीडीवर फोडू नये.

बिट वाढवले की खाली जातो तो गोंगाट. 16 बिटांना सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मिळतो, 24 बिटांना 144. ध्वनिमुद्रणात 24 बिट हवेतच: गायक अचानक तार सप्तकात चढला तरी आवाज फाटू नये म्हणून पातळी खाली ठेवावी लागते, आणि पुढच्या संस्कारांत गोंगाट साचत जातो. घरी ऐकताना मात्र खोलीतल्या पंख्याचा आवाजच 16 बिटांच्या गोंगाटापेक्षा कितीतरी मोठा असतो.

ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचे रेकॉर्डिंग थेट आणि 16 बिटांतून नेऊन ऐकवले. नेहमीच्या पातळीवर श्रोत्यांची जवळपास निम्मीच उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. केवळ वेळ हरवते या धास्तीने जमवलेल्या सीडी कुणी मोडीत काढू नयेत. पैसे खर्चायचेच असतील तर ते चांगल्या स्पीकरवर खर्चावेत.