रस्त्यावरचे खोदकाम आणि घरातले पोटाचे आजार: कायद्यात काय हवे, घरी काय करावे?

तुमच्या गल्लीत गेल्या महिन्याभरात रस्ता खोदला गेला आहे का? जुलाब, टायफॉइड किंवा कावीळ झालेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर हा प्रश्न सहसा विचारत नाही. "बाहेरचे काही खाल्ले का?" एवढे विचारून पुढे जातो. सोलापूरसारख्या शहरात मात्र खोदकामाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस आणि इंटरनेट या सगळ्यांच्या वाहिन्या एकाच अरुंद रस्त्याखालून जातात. एक दुरुस्त करताना दुसरी फुटते. हे काम करणाऱ्या कंत्राटदारांसाठी राज्याने कोणते नियम करावेत, हा विषय कोरडा वाटला तरी त्याचा संबंध थेट तुमच्या घरातल्या हंड्याशी आहे.

शुद्ध केलेले पाणी वाटेत दूषित कसे होते?

सोलापूरला उजनी धरणातून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने पाणी येते. शिवाय टाकळी येथून भीमा नदीचे आणि हिप्परगा तलावाचे पाणी मिळते. पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठेतील केंद्रांत ते शुद्ध होते. अडचण त्यापुढच्या वाटेवर आहे.

शहरात वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी सुटते. मधल्या दिवसांत पाइप रिकामे असतात आणि आत दाब नसतो. जेसीबीच्या धक्क्याने सांधा सैल झाला असेल आणि शेजारी ड्रेनेज गळत असेल, तर ते घाण पाणी पाइपात शिरते. पुढच्या वेळी पाणी सुटले की तेच आधी नळाला येते. नळाला थेट मोटार लावली तर पाइपातले पाणी ओढले जाते आणि फटीतून घाणही खेचली जाते. म्हणजे एका घरच्या मोटारीचा त्रास शेजारच्या चार घरांना होऊ शकतो.

जून २०२५ मध्ये सोलापूरच्या मोदी परिसरात दोन शाळकरी मुलींचा मृत्यू झाला. नळाला दूषित पाणी येत असल्याचा आरोप तेव्हा रहिवाशांनी केला होता. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हाही पाण्याकडेच बोट दाखवले गेले. त्या साथीतील एका संशयित रुग्णाचा मृत्यू सोलापुरात झाला होता.

कारण सापडत का नाही?

साधे जुलाब काही तासांत ते दोन-तीन दिवसांत सुरू होतात. टायफॉइडची लक्षणे दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. 'अ' आणि 'ई' प्रकारच्या काविळीला तर दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिनेही लागतात. डोळे पिवळे दिसेपर्यंत खड्डा बुजलेला असतो, त्यावर डांबर पडलेले असते आणि कंत्राटदार दुसऱ्या पेठेत गेलेला असतो. कोणी, कधी, कुठे खोदले याची नोंद आरोग्य विभागाच्या हाताशी नसेल, तर दोष शेवटी रुग्णाच्या खाण्यावर जातो.

आजचे नियम कुठे अपुरे पडतात?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही महापालिकेची कर्तव्ये आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले. खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि खाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांनी सावध करावे, ही त्यामागची कल्पना. पण तिचा भर दूरसंचाराच्या केबल वाचवण्यावर आहे. केबल तुटली की कंपनीचे नुकसान लगेच दिसते. पाण्याच्या पाइपाला गेलेली चीर मात्र रुग्णालयात दिसते, तीही उशिरा.

अमेरिकेत २००७ पासून ८११ हा एकच क्रमांक आहे. तिथे खोदण्यापूर्वी कळवण्याचे कायदे त्या त्या राज्याने केलेले आहेत. आपल्याकडेही हे काम राज्याला करता येईल. रुग्णांच्या बाजूने पाहिले तर त्यात चार गोष्टी हव्यात.

१. आधी खुणा, मग खोदकाम. पाणी आणि ड्रेनेजच्या वाहिन्या कुठे आहेत हे जागेवर दाखवल्याशिवाय यंत्र लावू नये. जुन्या पेठांचे नकाशे अपुरे असतील, तिथे आधी हाताने खोदून पाहावे.

२. बुजवण्यापूर्वी तपासणी. पाइपाची दाब चाचणी, पाइप धुऊन काढणे आणि नळाच्या टोकाला क्लोरीन मोजणे सक्तीचे असावे. पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते. ही नोंद आरोग्य विभागालाही मिळावी.

३. बिल वेळेवर, पण तपासणीनंतर. थकलेल्या बिलांसाठी राज्यातील कंत्राटदारांनी २०२५ मध्ये आंदोलने केली. पैसे अडकले की काम अर्धवट राहते आणि उघडा खड्डा गल्लीच्या नशिबी येतो. बिलाला मुदत हवी आणि त्यासोबत तपासणीचा दाखलाही हवा.

४. मजुराचा जीव. ऑक्टोबर २०२१ मध्ये अक्कलकोट रस्त्यावर ड्रेनेजच्या चेंबरमध्ये चार मजूर गुदमरून गेले. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. भरपाई मृत्यूनंतर मिळते. चेंबरमधला वायू तपासण्याची जबाबदारी कोणाची, हे कंत्राटातच लिहिलेले असावे.

यामुळे काम महाग होईल आणि वेळ लागेल, हा आक्षेप खरा आहे. पाण्यासाठी आधीच थांबलेल्या वस्तीला आणखी दोन दिवस थांबणे जड जाईल. म्हणूनच तपासणीचा खर्च निविदेतच धरावा आणि त्या दिवसांत टँकर देणे बंधनकारक असावे. आजही खर्च होतोच, फक्त तो सलाइन, औषधे आणि बुडालेल्या मजुरीच्या रूपाने तुम्ही भरता.

कायदा होईपर्यंत तुम्ही काय कराल?

• गल्लीत खोदकाम झाले असेल तर सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नका. गढूळ किंवा वास येणारे पाणी स्वच्छ दिसू लागले, तरी काही दिवस गाळून आणि खळखळून उकळूनच प्या. तुरटीने गाळ बसतो, पण जंतू मरतीलच असे नाही.

• नळाला थेट मोटार लावू नका.

• साठवलेली भांडी झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यातच वाढतो.

• जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात ते मिसळा. लहान मुलांना झिंक किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. स्तनपान थांबवू नका.

• लघवी कमी होणे, सुस्ती, मलातून रक्त, सतत उलट्या, तीन दिवसांपेक्षा जास्त ताप किंवा पायांत अचानक कमजोरी आल्यास त्वरित रुग्णालयात जा. गरोदर स्त्रीला कावीळ झाली तर एक दिवसही थांबू नका. 'ई' प्रकारची कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.

• डॉक्टरांना सांगा: पाणी कधी आले, कसे दिसत होते, शेजारी आणखी कोण आजारी आहे, आणि रस्ता केव्हा खोदला.

एकाच गल्लीत दोन-तीन घरांत सारखा त्रास दिसला, तर झोन कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. खड्ड्याचा तारखेसह फोटो काढून ठेवा. आज खोदकामाची नोंद ठेवायला दुसरे कोणी बांधील नसेल, तर तुमची ही नोंद डॉक्टरांनाही उपयोगी पडेल आणि पाण्याचा नमुना तपासायला लावण्यासाठीही.