विग पेटीत लपवू नका

गेल्या पावसाळ्यात आम्ही भावसिंगपुऱ्याकडच्या एका वस्तीत एका ताईंच्या घरी गेलो होतो. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांची केमो चालू होती. चार डोस व्यवस्थित झाले आणि पाचव्याला त्या आल्याच नाहीत. ताप नव्हता, उलट्या नव्हत्या. पैशांचाही प्रश्न नव्हता, कारण उपचार योजनेत बसले होते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली. साड्यांच्या तळाशी कॅरीबॅगची एक गाठ होती. गाठीत विग होता. धुऊन, ओलाच गुंडाळून बांधून ठेवलेला. गाठ सोडताच कुबट वास आला. केसांच्या जटा झाल्या होत्या.

"हे असलं डोक्यावर कसं घालू, सिस्टर? आन् बिगर घालता रिक्षात चार बायांमधी कशी बसू?" एवढेच त्या म्हणाल्या.

एका विगपायी एक डोस चुकला. केमोचा डोस ठरल्या दिवशी घेतला तरच त्याचा पूर्ण उपयोग होतो. मध्येच सोडलेल्या उपचाराने आजाराला पुन्हा जोर धरायला वाव मिळतो. आम्ही त्यांना उलट्यांची गोळी सांगितली होती, उकळलेले पाणी सांगितले होते, ताप 100.4 च्या वर गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा हेही सांगितले होते. विग मात्र कुणीतरी हातात दिला, त्यांनी घेतला, आणि तो ठेवायचा कसा हे कुणीच सांगितले नाही. न सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर विगच्या स्टँडविषयी लिहीत आहोत. विषय छोटा वाटेल, पण त्या ताईंसाठी तो छोटा नव्हता.

आमचे म्हणणे सरळ आहे. जो विग देतो त्याने स्टँडही द्यावा. आणि ज्या घरात विग आला त्या घराने त्याला उघड्यावर, सर्वांच्या नजरेसमोर जागा द्यावी.

आधी थोडी माहिती. आपल्या शहरात आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 पासून सुरू आहे. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून आणि बाहेरूनही रुग्ण तिथे येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोचा खर्च बसतो. केमोची सगळीच औषधे केस घालवत नाहीत. पण स्तनाच्या कर्करोगात जे 'लाल औषध' देतात, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, त्याने आणि पॅक्लिटॅक्सेलने केस बहुधा जातातच. पहिल्या डोसनंतर 2-3 आठवड्यांत ते गळू लागतात. उपचार संपल्यावर साधारण 1 ते 3 महिन्यांत पुन्हा फुटू लागतात, पण डोके नीट झाकायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे विग जवळपास वर्षभर लागतो. कृत्रिम धाग्याचा विग रोज वापरला तर 4 ते 6 महिनेच धड राहतो. निगा नसेल तर तेवढाही नाही. दुसरा घेण्याची ऐपत आपल्यापैकी किती घरांत आहे?

आता स्टँड कशाला, ते पाहू. विगच्या आत जाळीची टोपी असते. केस त्या जाळीला बांधलेले किंवा शिवलेले असतात. विग खुंटीला अडकवला की सगळे वजन एका जागी येते आणि जाळी तिथे ताणते. घडी करून ठेवला की केस मोडतात आणि गुंततात. ओला बांधून ठेवला की बुरशी धरतो. केमोत अंगातली प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, डोक्याची कातडी नाजूक असते. तसला विग घातला तर खाज सुटते, पुरळ उठते. स्टँडवर ठेवलेल्या विगला आतून वारा लागतो, आकार राहतो आणि केस सुटे पडून राहतात.

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला घडीचा प्लास्टिकचा स्टँड. त्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून उभा करायचा. हलका, स्वस्त, शे-दोनशे रुपयांपासून मिळतो, आणि आतून हवा खेळती असल्याने ओला विग वाळवायला हाच चांगला. गावाहून उपचाराला येणाऱ्या बाईला पिशवीत टाकूनही नेता येतो. दुसरा प्रकार थर्माकोलचे डोके. पार्लरचे सामान मिळते तिथे मिळते. कोरडा विग ठेवायला बरे, पण ओला विग त्यावर चढवू नये. आत हवा जात नाही आणि ओली जाळी ताणली जाते. तिसरा प्रकार कापडी भरीव डोके. ते विग विंचरायला, टाचणीने बसवायला उपयोगी, पण महाग. पार्लरवालीचे ते काम, आपल्याला त्याची गरज नाही.

घेताना तीन गोष्टी पाहा. स्टँडचा वरचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा थोडा कमी असावा, जाळी ताणली जाऊ नये. उंची विगच्या केसांपेक्षा जास्त असावी, म्हणजे केसांची टोके खाली टेकणार नाहीत. आणि बूड जड असावे. पंख्याच्या वाऱ्याने किंवा लेकराच्या धक्क्याने पडणारा स्टँड काय कामाचा?

विकत घ्यायलाच हवा असेही नाही. आम्ही घरी करतो तो असा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घ्या. तिच्यात निम्म्यापर्यंत कोरडी वाळू भरा. भाजी धुवायची छिद्रांची लहान प्लास्टिकची टोपली घ्या, साधारण 15-16 सेंटीमीटर रुंद. तिच्या बुडाला मधोमध बाटलीचे तोंड जाईल एवढे भोक पाडा. टोपली पालथी करून बाटलीच्या तोंडात अडकवा आणि वरून झाकण घट्ट पिळा. झाकणावर आणि टोपलीवर जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा गुंडाळा. ओला विग ठेवताना कापड काढून फक्त झाकणावर थोडे राहू द्या, म्हणजे छिद्रांतून वारा जाईल. खांद्यापर्यंतच्या केसांना एवढी उंची पुरते.

धुण्याचेही सांगतो. विग रोज धुवायचा नसतो. सात-आठ वेळा घातल्यावर धुतला तरी चालतो, घाम जास्त आला तर थोडा आधी. आपल्या वस्त्यांत नळाला पाणी किती दिवसांनी येते ते सगळ्यांना माहीत आहे, पण याला अर्धी बादली पुरते. आधी मोठ्या दातांच्या फणीने टोकापासून वर सावकाश गुंता सोडवा. थंड पाण्यात थोडा सौम्य शाम्पू घालून विग बुडवून ठेवा, चोळू नका. स्वच्छ पाण्यातून काढा. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. पिळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा आणि मग स्टँडवर सावलीत वाळू द्या. उन्हाने रंग उडतो. कृत्रिम धाग्याचा विग पूर्ण वाळल्यावरच विंचरा. रात्री झोपताना विग काढून स्टँडवर ठेवा, डोक्याला सुती रुमाल बांधा.

जागा निवडताना आगीपासून लांब. कृत्रिम केस गॅसच्या धगीनेही आखडतात, वितळतात. स्वयंपाक करताना विग काढून ठेवावा, हे तर हवेच. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावतो त्या फळीवरही स्टँड नको. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या वरच्या फळीवरही नको, तिथे भट्टी तापते. खालची मांडणी, खिडकीच्या आतली बाजू, कपाटाचा माथा, जिथे वारा आहे आणि धग नाही ती जागा चांगली.

इथपर्यंत सगळ्या हो म्हणतात. अडते ते पुढे. "घरात मुंडकं मांडून ठेवायचं का? लेकरं भितील. शेजारीण काय म्हणंल?" असे एका सासूबाई आम्हाला म्हणाल्या. दुसऱ्या घरी कुणीतरी त्याला अपशकुन म्हटले. नाकडोळ्यांचे थर्माकोलचे डोके पाहून लेकरू दचकते, हे खरे आहे. म्हणून तर आमचा बाटली-टोपलीचा स्टँड बरा, त्याला तोंडच नाही. वरून पातळ ओढणी टाकली की धूळही बसत नाही. लेकराला मात्र एकदा हात लावू द्या, सांगा की आजीला औषधाने केस गेले, ते परत येणार आहेत, तोवर ही टोपी. लेकरे लगेच समजतात. उशीर मोठ्यांना लागतो.

अपशकुनाबद्दल काय बोलायचे? केस जाणे हा शाप नाही, करणी नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही. केमोचे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारते. कर्करोगाची पेशी तशी वाढते, केसांच्या मुळाचीही तशीच वाढते. दोन्ही मार खातात. कारण एवढेच आहे. आपण तर कार्यकारणभाव मानणारी माणसे.

आणि बिनकेसांच्या बाईची लाज आपल्याला का वाटावी? महाप्रजापती गौतमी केस कापूनच वैशालीला पायी गेली आणि तिने संघात प्रवेश मागितला. त्या डोक्यापुढे आपण वाकतो. याच मातीत विधवेचे केस बळजबरीने काढले जात होते, तेव्हा 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी या कामाला नकार दिला. या दोन्ही गोष्टी आम्हाला एकच सांगतात. बाईच्या डोक्यावर केस असावेत की नसावेत, हे तिने ठरवायचे. विग घालायचा नसेल तर रुमाल बांधावा, तोही नको असेल तर तसेच फिरावे. घालायचा असेल तर तो चांगला, स्वच्छ, बिनवासाचा असावा. "या वयात कशाला नखरे" असे तिला कुणी म्हणू नये. नवऱ्याने तर नाहीच.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई येते. फणीला अडकलेले केस आपण जपून ठेवतो आणि तिला देतो. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो. मानवी केस परदेशी पाठवण्यात भारत जगात पुढे आहे. म्हणजे गरीब बाईचे केस जगभर विग होऊन जातात, आणि तिच्यावर वेळ आली की तिला विग परवडत नाही. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या रुग्णाला सरकारी आरोग्यसेवेतून विग मोफत मिळतो. आपल्याकडे आम्ही भेटलेल्या एकाही बाईला तो योजनेतून मिळालेला नाही. जे काही मिळते ते दानातून. मुंबईत 'कोप विथ कॅन्सर'सारख्या संस्था दान आलेल्या केसांचे विग गरीब रुग्णांना देतात, त्यांचे मोल मोठे आहे. पण दान मिळेलच असे नाही. केमोच्या पॅकेजमध्ये विग आणि स्टँड दोन्ही असावेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत काय? महिला मंडळांनी पौर्णिमेला विहारात जमल्यावर एक तास द्यावा. बाटल्या, वाळू आणि टोपल्या घरून आणाव्यात. पाच-सहा स्टँड तयार करून विहाराच्या कपाटात ठेवावेत आणि वस्तीत कुणाची केमो सुरू झाली की एक तिच्या घरी न्यावा. जाताना पेढे नकोत, सहानुभूतीची भाषणेही नकोत. स्टँड द्यावा, धुण्याची रीत सांगावी, पुढच्या डोसला सोबत कोण येणार ते विचारावे.

त्या ताईंचा विग पुन्हा पुन्हा धुऊनही पूर्ण सुधारला नाही. जटा सुटल्या, वास गेला, पण मागची जाळी ढिली झाली ती झालीच. तो आता टोपलीच्या स्टँडवर, खिडकीच्या आतल्या बाजूला असतो. पाचवा डोस दहा दिवस उशिरा झाला. ते दहा दिवस आम्हाला टाळता आले असते.