वाण शेतकऱ्याचा, नाव विद्यापीठाचं!
झाडीपट्टीतल्या ग्रामसभांना आणि संशोधकांना जाहीर आवाहन

गावकऱ्यांनो,

1997 साली हळदीवरचं अमेरिकेतलं पेटंट रद्द झालं आणि देशभर आनंद झाला. आजीबाईच्या बटव्यात परदेशी विद्यापीठानं घातलेला हात आपल्या शास्त्रज्ञांनी पिरगाळला होता. आनंद आम्हालाही झाला. पण बटव्यात हात घालणारे सगळे सातासमुद्रापलीकडूनच येतात का?

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं, नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव घ्या. जेमतेम तिसरी शिकलेले दादाजी खोब्रागडे. 1983 साली ‘पटेल 3’ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वेगळ्या पेरल्या, हंगामामागून हंगाम निवडत नेल्या. त्यातून बारीक तांदळाचा जो वाण उभा राहिला, त्याला त्या काळी मनगटावर मिरवायच्या घड्याळाचं नाव पडलं: एचएमटी. नव्वदीच्या दशकात पंजाबराव कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि पुढे ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाचा वाण प्रसारित केला. त्या नावात विद्यापीठ आहे, घड्याळाची कंपनी आहे. दादाजी कुठे आहेत?

आम्ही वाण शुद्ध केला, असं विद्यापीठाचं म्हणणं. केला असेल, ते कष्टाचंच काम आहे. पण दूध गाळणारा गाईचा मालक होत नाही. दादाजींना पुरस्कार मिळाले, सत्कार झाले, फोटो छापून आले. हक्काचा वाटा मात्र मिळाला नाही. 2018 च्या जून महिन्यात ते आजारपणात, तंगीत गेले. श्रद्धांजलीला कुणी कमी पडलं नाही.

आता तुमच्या दाराशी येणाऱ्यांकडे पाहा. प्रश्नावली घेऊन येतात, चहा पितात, कुठला कंद कधी खणायचा, कुठलं धान पाण्यात तग धरतं, हे विचारून लिहून नेतात. त्यावर प्रबंध होतो, पदवी मिळते, पदोन्नती मिळते. गावात त्याची एक प्रतही परत येत नाही. नैतिकता समिती त्यांच्याकडेही असते, पण ती शहरात बसते आणि एकेका माणसाची सही मागते. जे ज्ञान अख्ख्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखलं, त्याची संमती एकट्या माणसाच्या सहीनं कशी होते?

संशोधनाची दुसरी रीत याच मातीत रुजलेली आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं 39 गावांतल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. घरच्या घरी बाळाची काळजी त्यांनीच घेतली, नोंदीही त्यांनीच केल्या. नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. मेंढा (लेखा) तर अभ्यासगट चालवणारं गाव. तिथे आधी अभ्यास होतो आणि मग सर्वसहमतीनं निर्णय. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, ते उगाच नाही.

कायदाही अगदीच मुका नाही. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला पैदासकाराचा हक्क दिला. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समिती आणि नोंदवही आणली. पण 2023 च्या दुरुस्तीनं ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभाच्या वाटणीतून सूट दिली. म्हणजे वैदूकडचं ज्ञान पोथीत सापडलं की वाटा देण्याची गरज नाही! हवामान बिघडत चाललंय, धानाचे जुने वाण सगळ्यांनाच हवेत, शाश्वत विकासाच्या परिषदा भरताहेत. आणि ज्यांनी ते वाण राखले त्यांच्याच हक्कांची कलमं ढिली होताहेत. अशानं लोक सांगणंच बंद करतील.

संशोधक मित्रांनो, परवानगीत वेळ जातो ही तक्रार आम्ही ऐकली आहे. पीएचडीला वर्षं मिळतात. त्यातली एक संध्याकाळ ग्रामसभेला द्या.

गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत पुढचा ठराव मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या:

“या गावात सर्वेक्षण, नमुने किंवा बियाणं घेण्यापूर्वी ग्रामसभेत येऊन हेतू आणि पैसा कुणाचा, हे मराठीत किंवा गोंडीत सांगावं लागेल. प्रश्न ठरवताना गावाचा अभ्यासगट सोबत बसेल. निष्कर्ष छापण्याआधी गावात वाचून दाखवले जातील. माहिती देणाऱ्याची इच्छा असल्यास त्याचं नाव लेखात येईल; वाण निघाल्यास नाव आणि वाटा दोन्ही लेखी ठरतील. ग्रामसभेला नाही म्हणण्याचा अधिकार राहील.”