यजमानीण की कवयित्री?

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या मराठी माणसाची एक रीत आहे. रायपूरसारख्या ठिकाणी बिऱ्हाड लागले की पंधरवड्याच्या आत तो चार मराठी घरे हुडकतो आणि रविवारची बैठक सुरू करतो. अशीच एक बैठक आमचीही आहे. पुरुषमंडळी कविता वाचतात, वाद घालतात. आतून पोहे येतात, चहा येतो आणि रिकामे कप आत जातात. गेल्या पावसाळ्यात बोलता बोलता कळले की, चहा आणणाऱ्या एका बाईंच्या दोन वह्या स्वतःच्या कवितांनी भरलेल्या आहेत. ‘वा! पुढे कधीतरी वाचा,’ असे म्हणून आम्ही पुन्हा मर्ढेकरांकडे वळलो. ते ‘पुढे कधीतरी’ अजून उजाडलेले नाही. हे टिपण त्या लाजेतून लिहिले आहे.

आमच्या या सवयीला परंपरेचा आधार आहे, हेच अधिक खेदाचे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश यांच्यासह सात पुरुष आणि मनोरमाबाई रानडे ही एक स्त्री. माहेरच्या त्या द्वारका हिवरगावकर. ‘गोपिकातनया’ या नावाने त्या कविता लिहीत. मंडळाची कथा सांगताना रविवारच्या चहाचा उल्लेख सहसा चुकत नाही. मनोरमाबाईंना मात्र सप्तर्षींमधील अरुंधती म्हणून एक नमस्कार घालून सांगणारा पुढे जातो. अरुंधतीचे काम काय? वसिष्ठांच्या शेजारी मंद तेवणे आणि लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीने बोट दाखवण्यापुरते दिसणे!

यावर कोणी म्हणेल, त्यांची कविता थोडी आहे. १९२६ सालीच त्या वारल्या. मान्य. परंतु दिवाकरांना आपण नाट्यछटांनी ओळखतो, गिरीशांना ‘आंबराई’ने आणि वि. द. घाट्यांना ‘दिवस असे होते’ने. मनोरमाबाईंना तेवढे नात्याने ओळखायचे, हा कुठला न्याय? पतिपत्नींच्या कविता ‘श्रीमनोरमा’ या संग्रहात एकत्र आहेत. तेव्हा पुस्तक नाही, ही सबबही चालणार नाही. त्या वाचून कोणी नापसंत केल्या, तर आमची तक्रार नाही. न वाचता वंदन करणे, हा मात्र आदर नव्हे. ती सभ्य उपेक्षा होय.

पॅरिसमध्ये त्याच काळात आना द नोआय (१८७६–१९३३) ही कवयित्री आपल्या दिवाणखान्यात लेखकांना जमवीत असे. मार्सेल प्रूस्त तिचा स्नेही होता. १९३० साली रवींद्रनाथांच्या चित्रांचे तेथे प्रदर्शन भरले, तेव्हा सूचिपत्राची प्रस्तावना तिने लिहिली. पण यजमानीणपणावर ती थांबली नाही. तिचा पहिला काव्यसंग्रह १९०१ सालचा. आणि गाँकूर पारितोषिकाचे परीक्षक केवळ पुरुष, हे पाहून लेखिकांनी १९०४ साली आपले स्वतंत्र पारितोषिक काढले, तेव्हा त्या परीक्षकमंडळाचे पहिले अध्यक्षपद तिच्याकडे आले. चहा पाजणारी बाई निवाडाही देऊ शकते, हे तिच्या समाजाला मानावे लागले.

आपल्याकडे १८७८ साली सुरू झालेल्या मराठी साहित्य संमेलनाला पहिली स्त्री-अध्यक्ष मिळण्यास १९६१ साल उजाडले. त्या कुसुमावती देशपांडे. आणि संमेलन ग्वाल्हेरचे! पुढे विजया राजाध्यक्ष इंदूरला (२००१), तारा भवाळकर दिल्लीला (२०२५). त्या वर्षापर्यंतच्या सहा स्त्री-अध्यक्षांपैकी तिघींचे संमेलन महाराष्ट्राबाहेर भरले, ही गोष्ट परमुलखातील आपण मंडळींनी ध्यानात ठेवावी. ‘महाराष्ट्रातच काही होत नाही, तर येथे काय होणार?’ असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. येत्या रविवारी त्या दोन वह्या बैठकीच्या मध्यभागी याव्यात. बाईंनी वाचावे, आम्ही ऐकावे, आणि आवडले नाही तर इतर कवींशी घालतो तसाच वाद त्यांच्याशीही घालावा. चहाचे आधण त्या दिवशी आम्ही ठेवू. तो बिघडला तरी चालेल. ऐकण्यात मात्र कुचराई होता कामा नये.