नीती एकट्या गुरुजींनीच पाळायची काय?

मार्च 2024 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या. जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक नक्षी नको, शर्ट पँटमध्ये खोचलेला हवा. ज्या राज्यात वाड्यावस्त्यांवर एक-दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, ज्या राज्यात प्राथमिक शिक्षणसेवकाच्या हातावर 2023 पर्यंत महिन्याला अवघे 6,000 रुपये टेकवले जात होते, त्या राज्याच्या धुरीणांना गुरुजींच्या शर्टाची विवंचना पडावी, ही शुद्ध कर्तव्यच्युती आहे.

शिक्षकाने नीतीने वागावे, याविषयी आमचे दुमत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 24 शिक्षकाला नियमित व वेळेवर हजर राहण्यास, अभ्यासक्रम वेळेत पुरा करण्यास बांधून घालते. कलम 28 त्याला खासगी शिकवण्या करण्यास मनाई करते. ही बंधने योग्यच आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये कलम 27 आहे, आणि ते शासनाला बांधते. दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामास जुंपता येणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. तरीही आज ऑनलाइन माहिती भरा, उद्या विद्यार्थ्यांचे आधार जुळवा, परवा पोषण आहाराचा तांदूळ मोजा, मग उपक्रमाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका, असा हुकमांचा मारा अखंड चालू असतो. आणि मुलांना वाचता येत नाही असा अहवाल आला, की तेच हुकूम सोडणारे अधिकारी गुरुजींना नोटीस धाडतात. शिक्षकाने कलम मोडले तर निलंबन. शासनाने मोडले तर?

शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहावे या नियमाने तर असत्याला राजमान्यताच दिली आहे. गावात शिक्षकाला राहण्याजोगे घर नाही, हे अधिकारी जाणतात. शिक्षक तालुक्याच्या गावाहून रोज ये-जा करतो, हे ग्रामसभा जाणते. तरी तो गावातच राहतो असा ठराव होतो, दाखला मिळतो, घरभाडे भत्ता निघतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच शिक्षक मुलांना खरे बोलण्याचा पाठ देतो. खोट्या दाखल्यावर भत्ता घेणाऱ्या शिक्षकाचे आम्ही समर्थन करणार नाही. पण खोटे बोलल्यावाचून नोकरी टिकू नये, अशी व्यवस्था उभारणारा अधिक मोठा अपराधी आहे.

आणि या सर्वांवर कळस चढवला तो शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्याने. डिसेंबर 2021 मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक केली; पैसे मोजून गुण वाढवून घेतल्याच्या ठपक्यावरून साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. रात्ररात्र जागून अभ्यास करणारी शेतकऱ्याची लेक बाहेर राहावी आणि लाच मोजणारा वर्गात जावा, याहून घोर विटंबना कोणती? 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक ठरवली. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांना दोन वर्षांची मुदत दिली. वीस वर्षे खडू झिजवलेला शिक्षक आता नोकरी वाचवण्यासाठी परीक्षेला बसेल. निर्णय शिरोधार्य आहे. पण जिचे गुण विकले गेले, ती परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची पात्रता कोण तपासणार?

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. कलम 27 बाहेरचे काम लादणारा प्रत्येक आदेश त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावानिशी शाळेच्या फलकावर लागला पाहिजे, आणि त्या अधिकाऱ्यावर शिक्षकाइतकीच शिस्तभंगाची कारवाई झाली पाहिजे. मुख्यालयाचा नियम ठेवायचा असेल, तर आधी शिक्षकासाठी घर बांधा. बांधता येत नसेल, तर नियम रद्द करा. गुणांच्या बाजारात ज्यांनी ज्यांनी हात ओले केले, त्यांचे खटले तातडीने निकाली काढा. पालकांनो, येत्या ग्रामसभेत शाळेचा विषय सर्वांत आधी घ्या, आणि गेल्या महिन्यात गुरुजींचे किती दिवस वर्गाबाहेर गेले, कोणाच्या हुकमाने गेले, याचा लेखी हिशेब मागा.